मुलांच्या वॉर्डात नव्या सिस्टरला एकटी उभी करू नका

गोव्यातील आरोग्य प्रशासनाचे अधिकारी, तसेच सरकारी व खासगी इस्पितळांचे अधीक्षक आणि मेट्रन यांस,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका. नोकरीची बहुतेक वर्षं मुलांच्या वॉर्डात आणि नवजात बाळांच्या कक्षात गेली, शेवटी शेवटी वॉर्डची इन्चार्ज होते. निवृत्तीनंतर नव्या सिस्टरना वॉर्डात कोण शिकवणार या विषयात पडायचं नाही असं ठरवलं होतं. पण यंदा माझ्या बहिणीची मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली, रजिस्ट्रेशन झालं आणि एका इस्पितळात नोकरीला लागली. ओरिएंटेशन म्हणून तिला आग लागली तर काय करायचं, कुठला कचरा कुठल्या रंगाच्या पिशवीत टाकायचा आणि हजेरी कशी लावायची एवढं सांगितलं. लगेच मुलांच्या वॉर्डात ड्यूटी. पहिला महिना संपायच्या आत नाइट, सोबतीला एक आया, आणि डॉक्टर फोनवर.

अशाच एका रात्री दीडच्या सुमारास तिचा मला फोन आला. ‘‘मावशी, आज जेंटाचं अँप्युल वेगळं दिसतंय. किती ओढू?’’

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते. जेंटामायसिन हे तान्ह्या बाळांच्या जंतुसंसर्गात नेहमी वापरलं जाणारं इंजेक्शन. मोठ्यांसाठी येणाऱ्या व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीत, एका मिलीत ४० मिलिग्रॅम औषध असतं. मुलांसाठी वेगळं अँप्युल, म्हणजे काचेची बंद कुपी, मिळतं, त्यात एका मिलीत १०. बाळ २.४ किलोचं आहे आणि डोस किलोला ५ मिलिग्रॅम आहे असं धरा. म्हणजे १२ मिलिग्रॅम द्यायचे. मुलांच्या अँप्युलमधून १.२ मिली ओढायचं, मोठ्यांच्या व्हायलमधून फक्त ०.३. कालपर्यंत स्टोअरमधून एक येत होतं, आज दुसरं आलं. हात सवयीने १.२ वर थांबला, तर बाळाच्या अंगात चौपट औषध जातं. हे औषध किडनीला आणि कानाला बाधतं. तान्ह्या बाळाला ऐकू कमी येतंय हे घरच्यांच्या लक्षात यायला महिने लागतात. तेव्हा त्या रात्रीचा केसपेपर कोण उघडून बघणार?

भाचीच्या हातून चूक झाली नाही, कारण तिने विचारलं. विचारायला घरात मावशी नसलेल्या मुली या राज्यात पुष्कळ आहेत. त्या इस्पितळाचं नाव मी घेत नाही. ते घेतलं तर चर्चा त्या एकाच इमारतीपुरती राहील, आणि माझ्या ओळखीच्या ज्या ज्या नव्या मुली भेटतात त्या सगळ्या थोड्याफार फरकाने हेच सांगतात.

मोठ्यांच्या वॉर्डात बरीचशी औषधं एक गोळी, एक व्हायल अशी ठरलेली असतात. मुलांच्या वॉर्डात दीड किलोच्या बाळापासून चाळीस किलोच्या पोरापर्यंत सगळे शेजारी शेजारी, आणि प्रत्येक डोस म्हणजे नवा हिशोब. सलाइनचंही तेच. बारा किलोच्या मुलाला दिवसाला साधारण ११०० मिली, म्हणजे तासाला ४६ मिली. मुलांसाठीचा मायक्रोड्रिप सेट, म्हणजे मिलीला ६० थेंबांचा, असेल तर मिनिटाला ४६ थेंब. तेच ४६ थेंब मोठ्यांच्या, मिलीला २० थेंबांच्या सेटवर सोडले, तर तासाला १३८ मिली जातं. चतुर्थीच्या दिवसांत निम्मा स्टाफ रजेवर असताना आणि स्टोअरमधले मायक्रोड्रिप सेट संपलेले असताना हा फरक कोण सांगणार? आणि ज्या वजनावर हा सगळा हिशोब उभा, ते वजन पुष्कळदा आईला विचारून लिहिलेलं असतं. ‘‘डॉक्टर, वजन पुन्हा करून बघूया का?’’ एवढं म्हणायलाही नव्या मुलीला धीर लागतो. तो धीर शेजारी कुणीतरी असलं की येतो.

गणित तरी कॅल्क्युलेटरवर होतं. मुलाकडे नुसतं बघून त्याची तब्येत ओळखणं त्याहून कठीण. पावसाळ्यात सात-आठ महिन्यांची बाळं दम लागून येतात. रात्रभर रडतात, ऑक्सिजनची नळी ओढून काढतात, आईला खाली ठेवू देत नाहीत. पहाटेच्या सुमारास बाळ गप्प होतं. आई म्हणते, ‘‘सिस्टर, आता कुठे डोळा लागला बघा.’’ नवी सिस्टर सुटकेचा नि:श्वास टाकते आणि चार्टवर लिहिते, ‘शांत झोप’. जुनी सिस्टर पांघरूण बाजूला करते, झबलं वर करून फासळ्यांखाली खड्डा पडतो का ते बघते, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते, पायाला हात लावून तो गार आहे का बघते, बाळाला हलवून जागं करते. बरं वाटून झोपलेलं बाळ आणि श्वास घेऊन घेऊन दमलेलं बाळ लांबून अगदी सारखं दिसतं. या वयात मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद, हे प्रत्येक विद्यार्थिनीला पाठ असतं. पण सत्तरवर चाललेला श्वास तीसवर आला, तर ती सुधारणा समजायची की डॉक्टरला धावत बोलावायचं, हे पाठांतराने येत नाही. तसंच ब्लड प्रेशरचं. आजारी मूल आपलं प्रेशर खूप वेळ सांभाळून धरतं आणि धरवेनासं झालं की एकदम कोसळतं. आकडा ठीक आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या नव्या मुलीला मी दोष देणार नाही. तिला हे दाखवलंच कुणी नव्हतं.

मला दाखवणारी भेटली होती. केरळची सीनियर सिस्टर होती, बोलायला कडक. माझा हात धरून बाळाच्या टाळूवर ठेवायची आणि म्हणायची, ‘‘बघ, हे खोल गेलंय. काल असं होतं का?’’ तिच्याबरोबर माझी ड्यूटी लागली हा माझ्या नशिबाचा भाग होता. राज्यातल्या मुलांची सुरक्षितता अशी नशिबावर ठेवायची का, हा माझा आपल्याला सरळ प्रश्न आहे.

एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला आधी एक वर्ष इंटर्नशिप करावी लागते. त्याला बालरोगतज्ज्ञ व्हायचं असेल तर पुढे तीन वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे वरिष्ठांच्या नजरेखाली वॉर्डात काम करत शिकणं. हे योग्यच आहे. १८४२ पासून वैद्यकीय शिक्षण चालत आलेल्या या भूमीला त्याचं महत्त्व नव्याने सांगायला नको. मग त्याच मुलाच्या खाटेपाशी डॉक्टरपेक्षा कितीतरी जास्त वेळ उभी राहणारी, प्रत्येक इंजेक्शन प्रत्यक्ष आपल्या हाताने देणारी, रात्री तीनला बदल सर्वांत आधी जिच्या नजरेला पडायला हवा अशी सिस्टर रजिस्ट्रेशन झालं की लगेच तयार झाली असं आपण कशावरून धरता?

कॉलेजात शिकवलं नाही का, असं मला विचारलं जातं. शिकवलं, आणि शिकवणाऱ्या बाईंबद्दल माझी काही तक्रार नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या सध्याच्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात शेवटच्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप आहे, त्यात बालआरोग्याच्या वाट्याला चार आठवडे येतात. तेही विद्यार्थिनी म्हणून. सही दुसऱ्याची, जबाबदारी दुसऱ्याची. स्वतःच्या सहीने औषध देण्याचा पहिला दिवस नोकरीतच उगवतो, आणि नेमका त्याच दिवशी शिकवणारं माणूस बाजूला होतं.

इतर देशांनी ही दरी ओळखून पावलं उचलली. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या मुलांच्या इस्पितळाने १९९९ मध्ये नुकत्याच पास झालेल्या परिचारिकांसाठी रेसिडेन्सी सुरू केली. वर्ग, वॉर्ड आणि एक ठरलेली मार्गदर्शक सिस्टर अशी तिची रचना. पुढे तीच पद्धत तिथल्या इतर इस्पितळांनी उचलली, आणि २०१० मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आपल्या अहवालात परिचारिकांसाठी अशा रेसिडेन्सीची शिफारस केली. आपल्याकडेही परिचर्या परिषदेने नवजात शिशू परिचर्येसारख्या विषयांत एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा रेसिडेन्सी पद्धतीने आखले आहेत. ते ज्यांना त्या विषयात पुढे जायचंय त्यांच्यासाठी. माझं म्हणणं त्याच्या अलीकडच्या पायरीबद्दल आहे. मुलांच्या वॉर्डात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक नव्या परिचारिकेसाठी किमान सहा महिन्यांची रेसिडेन्सी, अपवाद न करता.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली. नव्या मुलीला पहिल्या दिवसापासून पूर्ण संख्येत धरलं जातं. रोस्टरवर ‘स्टाफ दोन’ लिहिलं की आपल्या दृष्टीने वॉर्ड भरला. त्यातली एक कालच आलेली आहे, हे रोस्टर सांगत नाही. परिणामी जुनी सिस्टर स्वतःचे पेशंट सांभाळून हिच्याही मागे धावते आणि दोघींचंही काम अर्धवट राहतं.

दुसरी. शिकवण्याला काही किंमतच नाही. जी सीनियर नव्यांना घडवते तिला त्यासाठी ना वेळ, ना भत्ता, ना गोपनीय अहवालात एक ओळ. उलट ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देणं, म्हणजे हँडओव्हर, लांबला तर ‘‘अजून संपलं नाही का?’’ हेच ऐकायला मिळतं. काही जणी नव्यांवर डाफरतात हे खरं आहे आणि ते मला कधीच आवडलं नाही, पण त्यांना शिकवायचं कसं हेही कुणी शिकवलेलं नसतं.

तिसरी, आणि ही माझ्या सर्वांत जिव्हाळ्याची. प्रशिक्षण दिलं जातं आणि वाया घालवलं जातं. नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण २००९ पासून देशभर आहे. बाळांच्या विशेष कक्षातल्या स्टाफसाठी चार दिवसांचा वर्ग आणि त्यानंतर दोन आठवडे मोठ्या कक्षात बसून शिकणं, अशीही योजना आहे. चांगली आहे ती. पण मी स्वतः बघितलंय, एखादी मुलगी हे सगळं करून येते, हळूहळू चोवीस गेजची सुई पहिल्या झटक्यात लावायला लागते, ऊब देणाऱ्या वॉर्मरवरच्या बाळाचा रंग दारातून ओळखायला लागते, आणि तेवढ्यात बदलीचा कागद येतो. उद्यापासून डोळ्यांची ओपीडी. तिच्या जागी येते ती हाडांच्या वॉर्डातून, किंवा थेट कॉलेजातून. बदल्या आवश्यक असतील, मी नाही म्हणत नाही. पण मुलांच्या वॉर्डातला हात तयार व्हायला लागणारा काळ बदली करणाऱ्याने कधीच हिशोबात धरलेला मला दिसला नाही.

चौथी. चूक झाली की मेमो. त्यामुळे थोडक्यात टळलेल्या चुका कुणी सांगतच नाही. भाचीचा तो फोन म्हणजे अशी टळलेली चूक होती, ती तिने इन्चार्जला सांगायला हवी होती आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही इंजेक्शनं वेगवेगळ्या खणात जायला हवी होती. तिने सांगितलं नाही. प्रोबेशनवर असलेली मुलगी कशी सांगेल?

पाचवी खासगी इस्पितळांबद्दल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या इस्पितळातही परिचारिकेला महिन्याला किमान २० हजार पगार असावा असं सुचवलं होतं. त्याहून कमी पगार, लांब नाइट आणि वर शिकवणारं कुणी नाही, अशा ठिकाणी नवी मुलगी टिकत नाही. वर्षभराने ती आखातात जाते किंवा हा पेशाच सोडते. मग आपण म्हणता, ‘‘हल्लीच्या मुलींना काम नको.’’ हे वाक्य मी बैठकांमधून इतक्यांदा ऐकलंय की ते खोटं आहे हे इथे जाहीरपणे सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं. मुलींना काम हवंय. हातून मूल दगावेल या भीतीने त्या जातात.

आपल्याकडून येणारं उत्तर मला माहीत आहे. स्टाफ कमी आहे, सहा महिने कुणाला शिकण्यात ठेवणार? वॉर्ड उघडे कोण ठेवणार? अडचण खरी आहे. वाळपईहून किंवा काणकोणहून रात्री १०८ अँब्युलन्सने बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉत, पाठवलेलं मूल, दोडामार्ग-सावंतवाडीहून सीमा ओलांडून आलेलं मूल, सगळ्यांना खाट लागते आणि खाटेला सिस्टर लागते. पण न शिकवता उभी केलेली मुलगी वर्षात निघून जात असेल, तर दरवर्षी आपण तीच जागा पुन्हा भरता आणि वॉर्ड कायम नवखाच राहतो. शिवाय रेसिडेन्सी म्हणजे सहा महिने वर्गात बसवणं नव्हे. ती मुलगी पहिल्या आठवड्यापासून वॉर्डातच असते, कामच करते. फक्त एकटी करत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा:

मुलांच्या वॉर्डात, मुलांच्या अतिदक्षता विभागात आणि नवजात कक्षात नेमल्या जाणाऱ्या प्रत्येक नवपदवीधर परिचारिकेला, जीएनएम डिप्लोमावाली असो वा बी.एस्सी., किमान सहा महिन्यांची रेसिडेन्सी पूर्ण पगारावर द्यावी. स्टायपेंडच्या नावाखाली पगार कापू नये.

पहिले दोन महिने तिला रोस्टरच्या संख्येत धरू नये. या काळात तिला स्वतंत्र नाइट लावू नये. आधी दोन स्थिर मुलं, मग तीन-चार, मग ऑक्सिजनवरचं मूल, असा भार पायरीपायरीने वाढवावा.

प्रत्येकीला एकच ठरलेली मार्गदर्शक सिस्टर असावी, दोघींच्या ड्यूट्या एकत्र लागाव्यात. मार्गदर्शक सिस्टरला शिकवण्याचं वेगळं प्रशिक्षण, भत्ता आणि सेवापुस्तकात नोंद मिळावी.

स्वतंत्र ड्यूटीआधी औषधाच्या हिशोबाची परीक्षा घ्यावी, आणि त्यात पूर्ण गुण मिळेपर्यंत एकटीने इंजेक्शन देऊ देऊ नये. पस्तीस गुणांना पास हा नियम इथे चालत नाही. नवजात बाळाला श्वास देणं, मुलाची सीपीआर, झटके आलेलं मूल, उलटी-जुलाबाने सुकलेलं मूल, डेंग्यूतलं कोसळणारं मूल, यांचा बाहुलीवर सराव महिन्यातून एकदा तरी व्हावा.

जेंटामायसिन, पोटॅशियम, इन्सुलिन, हेपारिन अशी धोक्याची औषधं मुलांच्या वॉर्डात दोघींनी तपासल्याशिवाय देऊ नयेत. रात्री दुसरी सिस्टर नसेल तर ड्यूटीवरच्या डॉक्टरने खाली यावं. फोनवर ‘‘दे, दे’’ म्हणू नये.

टळलेल्या चुकांची नोंद नाव न विचारता घ्यावी आणि दर महिन्याला वॉर्डात त्यावर बसून बोलावं. त्या नोंदीवरून मेमो काढला जाणार नाही असं लेखी परिपत्रक निघावं.

रेसिडेन्सी पूर्ण केलेल्या परिचारिकेची किमान तीन वर्षं मुलांच्या विभागाबाहेर बदली करू नये, तिने स्वतः मागितली तर वेगळं.

हा नियम खासगी इस्पितळांनाही लागू व्हावा. ज्या लहान इस्पितळाला स्वतःचा कार्यक्रम चालवणं शक्य नाही, त्याच्या मुलींना म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात, किंवा गोमेकॉत पाठवण्याची सोय करावी. राज्य एवढंसं आहे, पेडण्याहून निघालेलं माणूस दोन-अडीच तासांत काणकोणला पोचतं. एवढ्या राज्यात सगळ्या नव्या परिचारिकांना एकाच अभ्यासक्रमाखाली आणणं मोठ्या राज्यांइतकं अवघड नाही.

शिकवायला माणसं नाहीत असंही आपण म्हणाल. डिचोली, फोंडा, म्हापसा, मडगाव, वास्को, कुठेही विचारा, मुलांच्या वॉर्डात आयुष्य काढलेल्या निवृत्त सिस्टर घरी आहेत. त्यातल्या अनेकींशी हे पत्र लिहिण्याआधी मी बोलले. गुडघे दुखतात, रात्रपाळी आता झेपणार नाही, पण आठवड्यातून दोन दिवस वॉर्डात उभं राहून नव्या मुलींचा हात धरायला त्या तयार आहेत. योग्य मानधन देऊन त्यांना बोलवा. मीही येईन.

यंदाच्या पास झालेल्या मुलींच्या नेमणुका होतील तेव्हा हा कार्यक्रम निदान एका सरकारी इस्पितळात सुरू झालेला असावा, ही माझी विनंती आहे. कोणत्या इस्पितळात, कोणत्या महिन्यापासून आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या जबाबदारीवर, एवढ्या तीन गोष्टींचं उत्तर आपण द्यावं, आणि पत्र जाहीर आहे म्हणून उत्तरही जाहीर द्यावं.

आपली,
मुलांच्या वॉर्डातली एक निवृत्त इन्चार्ज सिस्टर
डिचोली, गोवा